खांडववनाची मिस्सा

लीड्सच्या रॉयल आर्मरीज संग्रहालयात हिंदुस्थानातून आलेलं एका हत्तीचं चिलखत आहे. मुघल काळातलं, सोळाव्या शतकाच्या अखेरीचं किंवा सतराव्याच्या सुरुवातीचं. पोलादाचे हजारो छोटे पत्रे कड्यांनी एकमेकांत गुंफलेले आणि मधूनमधून मोठ्या पट्ट्या, त्यांवर हत्ती, कमळं, पक्षी उठवलेले. काही भाग हरवले आहेत, तरी उरलेल्याचंच वजन ११८ किलो भरतं. मद्रासचा गव्हर्नर एडवर्ड क्लाइव्ह याच्या पत्नीनं ते १८०१ मध्ये इंग्लंडला आणलं. ज्या कारागिरानं ते घडवलं, त्यानं मरण्यामारण्याच्या वस्तूवर इतकं देखणं कमळ का उठवलं असेल, हा विचार मला तिथं दर वेळी छळतो.

याच संग्रहालयानं एकविसाव्या शतकाच्या स्वागतासाठी एक मिस्सा, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनांची संगीतरचना, लिहवून घेतली. जिथं फक्त तलवारी, बंदुका आणि चिलखतं जपली जातात, त्या संस्थेला उत्सवासाठी प्रार्थना हवीशी वाटली, आणि तीही शांततेची. कार्ल जेन्किन्स यांची ‘द आर्म्ड मॅन : अ मास फॉर पीस’ ती हीच. २५ एप्रिल २००० रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ती पहिल्यांदा गायली गेली. मोठा कॉयर म्हणजे गायकवृंद, पूर्ण वाद्यवृंद आणि अजान देणारा एक मुअज्जिन, असा सगळा ताफा. शब्दांची निवड संग्रहालयाचे तेव्हाचे प्रमुख गाय विल्सन यांची. जेन्किन्स संगीत लिहीत होते तेव्हा कोसोव्होतल्या युद्धाच्या बातम्या रोज येत होत्या, म्हणून त्यांनी ही रचना तिथल्या बळींना अर्पण केली. तिची सीडी बाजारात आली १० सप्टेंबर २००१ रोजी. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हापासून जगभरच्या हौशी कॉयरांनी ही मिस्सा उचलून धरली आणि आजवर ती हजारो वेळा गायली गेली आहे.

मी इथं इंग्लंडमध्ये आमच्या गावच्या कॉयरमध्ये आल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या पट्टीतल्या आवाजांत, गाते. कॉयर हौशीच. नर्स, निवृत्त मास्तर, बसचालक, एक दंतवैद्य, आणि मिरजेहून आलेली मी. मंगळवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये तालीम असते, मधल्या सुट्टीत चहा आणि बिस्किटं. ही मिस्सा निवडल्याचं आमच्या संचालकबाईंनी सांगितलं आणि स्वरलेखनाच्या प्रती वाटल्या, तेव्हा मी सवयीनं मागची पानं आधी चाळली. नवव्या भागाच्या शीर्षकाखाली छापलं होतं : ‘महाभारतातून’. या लेखात मला खरं तर त्या एका भागाबद्दलच लिहायचंय. पण तो कळायला आधीचे आठ भाग ऐकावे लागतात.

मिस्सा म्हणजे कॅथलिक उपासनेतला प्रभुभोजनाचा विधी. त्यातल्या ठरलेल्या लॅटिन प्रार्थनांना चाली लावणं हे युरोपातल्या संगीतकारांचं कित्येक शतकांचं काम. ‘प्रभू, दया कर’, ‘पवित्र, पवित्र, पवित्र’, ‘देवाच्या कोकरा’ हे शब्द बदलत नाहीत, संगीत बदलतं. पंधराव्या शतकात या कामात एक गंमत शिरली. ‘सशस्त्र माणसाला भ्यायला हवं’ अशा अर्थाचं एक फ्रेंच लोकगीत तेव्हा फार गाजत होतं. जो तो लोखंडी चिलखत चढवा, अशी दवंडी पिटली गेल्याचं त्यात सांगितलंय. संगीतकारांनी हे रणगीत उचललं आणि त्याच्या चालीवर मिस्सा बांधायला सुरुवात केली. दुफाय, जोस्कॅं, पुढे पालेस्त्रिना, अशा चाळीसएक रचना सापडतात. वेदीसमोर देवाची करुणा भाकायची आणि तिच्या पोटात सुरावट सैनिकाची. जेन्किन्स यांनी ही परंपरा आपल्या काळात आणली.

वेल्समधल्या पेनक्लॉड या खाडीकाठच्या गावात १९४४ साली जन्मलेला हा माणूस. वडील शिक्षक, शिवाय चॅपेलचे ऑर्गनवादक आणि कॉयरमास्तर. पुढे जेन्किन्स यांनी जॅझमध्ये ओबो आणि सॅक्सोफोन वाजवला, ‘सॉफ्ट मशीन’ या बँडमध्ये बरीच वर्षं काढली, जाहिरातींना संगीत दिलं. समीक्षकांनी त्यांना फारसं जवळ केलं नाही. त्यांचं संगीत फार गोड, फार सोपं, असा आक्षेप असतो आणि काही ठिकाणी तो मला मान्य आहे. पण गावोगावच्या साध्या आवाजांना पेलेल अशा चाली लिहिणं ही कॉयरमास्तराच्या घरातूनच आलेली समज आहे, आणि मी तिची कदर करते. आमच्यातल्या निम्म्या लोकांना स्वरलिपी धड वाचता येत नाही. तरीही आम्ही ही मिस्सा उभी केली.

सुरुवात होते ती पावलांच्या आवाजानं. सैन्य कवायतीत चालत येतंय. ढोल, बासरी, आणि मग ते फ्रेंच गीत. कॉयर जसजसा वर चढतो तसं अंगात काहीतरी संचारतं. मान ताठ होते, पाय ठेका धरतात. छान वाटतं, आणि तेच या भागाचं म्हणणं आहे. युद्धाची सुरुवात भयानं होत नाही, सगळ्यांच्या पावलात पाऊल टाकण्याच्या त्या आनंदानं होते.

त्यानंतर लगेच अजान. वाद्यं थांबलेली, कॉयर गप्प, एकट्या माणसाचा आवाज. काही चर्चमध्ये हा भाग गाळतात. आमच्याकडे गाळला नाही. ब्रॅडफर्डच्या एका मशिदीतले वयस्कर गृहस्थ आले होते. कुणाशी फार बोलले नाहीत, चहा मात्र आवडीनं प्यायले. त्यांनी पहिला स्वर लावला आणि आमच्या रांगेतल्या कुणाला तरी नवल वाटल्याचं मला जाणवलं. मला नाही वाटलं. मी मिरजेत वाढले. तिथं मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर वर्षी रात्र रात्र गाणं होतं आणि त्या अंगणात अभंग गायला कुणाची हरकत नसते. सतारी बनवणाऱ्यांची गल्ली तिथून जवळच. मिशन हॉस्पिटलमुळे गावात चर्चही जुनं, तिथं रेव्हरंड टिळकांची भजनं ओवी-अभंगाच्या चालीवर म्हटली जात. एकाच गावात हे सगळं कानावर पडत असताना देव कुणाच्या हद्दीत राहतो असा प्रश्न निदान गाण्याच्या बाबतीत तरी मला कधी पडला नाही. मिस्सेच्या मधोमध अजान मला अगदी जागच्या जागी वाटली.

पुढे कायरी, म्हणजे ‘प्रभू, दया कर’ येते, मग बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतल्या ओळी पुरुषांच्या आवाजात, जुन्या मठांतल्या गायनासारख्या सपाट. ‘रक्तपाती माणसांपासून मला वाचव.’ ही विनवणी संपते ती ढोलाच्या एका जबर ठोक्यानं. सँक्टसबद्दल, म्हणजे ‘पवित्र, पवित्र, पवित्र’बद्दल, मला विशेष सांगायचं नाही. ढोल जोरकस आहेत, पण माझ्या मते हा भाग उगाच लांबतो. मग येते किपलिंगची युद्धापूर्वीची प्रार्थना. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात १८६५ साली जन्मलेला हा कवी. त्याची १८९६ ची ही कविता म्हणते की राष्ट्रं शस्त्रं बांधून आमच्यावर चालून येताहेत, तेव्हा हे सेनांच्या देवा, आमच्या पाठीशी राहा. जेन्किन्स यांनी तिला दिलेली चाल भक्कम, चर्चमधल्या सामूहिक गीतासारखी. गाताना तुम्ही तिच्याशी वाद घालू शकत नाही. श्वास भरायचा आणि पुढच्या ओळीत शिरायचं.

‘चार्ज’ हा सातवा भाग. शब्द इंग्रज कवी ड्रायडनचे, संत सेसिलिया या संगीताच्या संरक्षक संतेच्या दिवसासाठी १६८७ साली लिहिलेले. तुतारी शस्त्र धरायला सांगते, नगारे सांगतात की शत्रू आला, आता मागं फिरायला उशीर झालाय. त्याला जोडून स्विफ्टची एक ओळ, देशासाठी मरणारा किती धन्य, अशा अर्थाची. शेवटाकडे चाल मोडून पडते. कॉयरनं स्वर सोडून द्यायचे, आवाज खालीवर घसरवायचे, किंचाळायचं. तालमीत याची सगळ्यांना लाज वाटायची. आमच्या बाईंनी आम्हाला हॉलचे दिवे मालवून ओरडायला लावलं, तेव्हा कुठं जमलं. त्या किंकाळ्यांवर एकदम घाव पडल्यासारखं सगळं थांबतं आणि सुमारे अर्धा मिनिट नुसती शांतता. स्वरलेखनात तशी सूचनाच आहे. भरलेल्या सभागृहात अर्धा मिनिट किती मोठं असतं हे गाणाऱ्याला विचारावं. बाईंचा हात हवेत, आमची छाती अजून धपापतेय, कुणीतरी खोकतं आणि त्या खोकल्याचीच भीती वाटते. मग दुरून एकटं बिगुल, सैनिकांच्या अंत्यविधीला वाजवतात ते.

त्यानंतर हिरोशिमा. तोगे सांकिची हा हिरोशिमाचा कवी बॉम्ब पडला तेव्हा शहरातच होता. वाचला, कविता लिहिल्या आणि १९५३ साली वयाच्या छत्तिसाव्या वर्षी गेला. त्याच्या ओळींमध्ये धुराचे लोट आहेत, आगीतून रांगत बाहेर येणारी माणसं आहेत. घंटेच्या ठोक्यावर एकेक एकल आवाज त्या गातो. हे संपतं आणि कॉयर पुन्हा उभा राहतो ‘टॉर्चेस’ या भागासाठी. मशाली. त्या पानावर ‘महाभारतातून’ असं छापलेलं.

शब्द इंग्रजी, पण प्रसंग ओळखायला मला एक ओळही लागली नाही. प्राणी दाही दिशांना पळताहेत, भयानक ओरडताहेत. काही जळून गेलेत, काही जळताहेत, डोळे फुटलेत. कुणी पिलांना मिठी मारलीय, कुणी आईबापांना, त्यांना सोडवत नाही आणि तसेच मरताहेत. पंख, डोळे, पंजे सगळं पेटलेलं. आदिपर्वातला खांडवदाह. जेन्किन्स यांनी इथं ओरडायला लावलेलं नाही. चाल संथ आहे, वाक्यं तुटक, प्रत्येक तुकड्यानंतर विराम. आल्टोंचा आवाज खालच्या पट्टीत. जिथं श्लोक सगळ्यात भीषण, तिथंही आम्ही एका सुरात, एखाद्या पंचनाम्यासारखं सांगत जातो. बाईंची एकच ताकीद होती. विरामात हलायचं नाही, पान उलटायचं नाही.

त्या रात्री मी मिरजेला फोन लावला. बाबा निवृत्त संस्कृत शिक्षक. भांडारकर संस्थेच्या चिकित्सित आवृत्तीतलं आदिपर्व, सुकथनकरांनी संपादित केलेलं, त्यांच्या कपाटात वरच्या फळीवर असतं.

“बाबा, खांडवदाहाचे श्लोक वाचून दाखवा ना.”

“आत्ता? तिकडं विलायतेत खांडवाशी काय काम निघालं तुझं?”

“गायचेत. चर्चच्या मिस्सेत आहेत.”

पलीकडे स्टूल ओढल्याचा आवाज, मग पानांचा. बाबांनी वाचायला सुरुवात केली. ‘त्यक्तुं न शेकुः स्नेहेन’ या चरणाशी ते थांबले. पिलांना आणि आईबापांना मायेपोटी सोडता येईना, ती ओळ. मग म्हणाले, “अगं, एवढी वर्षं शिकवलं, पण हे श्लोक कधी वर्गात घेतलेच नाहीत. गांडीव अर्जुनाला कुणी दिलं, एवढंच पेपरात विचारायचो.”

ते खरंच आहे. आम्हा सगळ्यांना हा प्रसंग शस्त्रांच्या बाजूनं ठाऊक असतो. अग्नी ब्राह्मणाच्या रूपानं यमुनेकाठी येतो. कृष्ण आणि अर्जुन तिथं मजेत वेळ घालवायला आलेले. त्याला भूक लागलीय आणि खायला हवंय सगळं खांडववन. इंद्र पाऊस पाडून वन वाचवतो, कारण त्याचा मित्र तक्षक तिथं राहतो. मग अग्नी वरुणाकडून आणून देतो गांडीव धनुष्य, अक्षय भाते आणि कपिध्वज रथ. कृष्णाला चक्र मिळतं. पुढे कुरुक्षेत्रावर आपण ज्यांच्या नावानं शहारतो ती ही आयुधं. त्यांचा पहिला वापर कौरवांवर झाला नाही, पिलांना कवटाळून बसलेल्या पाखरांवर झाला. दोघांनी वनाच्या दोन बाजूंना रथ लावले आणि जो जीव बाहेर पडेल त्याला परत आगीत लोटला. तक्षक त्या दिवशी वनात नव्हताच. त्याच्या बायकोनं मुलगा अश्वसेन याला वाचवण्यासाठी गिळलं आणि ती उडाली, तेव्हा अर्जुनानं बाणानं तिचं मस्तक उडवलं. सगळ्या वनातून वाचले सहा. अश्वसेन, मयासुर आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिलं.

इरावती कर्व्यांनी मयसभेवर लिहिताना या संहाराकडे डोळे उघडे ठेवून पाहिलं होतं. ते मी कॉलेजात वाचलं होतं, पटलंही होतं. तरी पटणं वेगळं आणि ते शब्द स्वतःच्या घशातून जाणं वेगळं. गाताना बाजू बदलते. ‘चार्ज’मध्ये मी रथावर होते. ‘टॉर्चेस’मध्ये मला खाली उतरवलं गेलं, रानात. आणि मधे फक्त हिरोशिमाची काही पानं होती. विल्सन यांनी हिरोशिमा आणि खांडव हे दोन उतारे शेजारी ठेवले, तेव्हा त्यांनी आपल्या महाकाव्यावर आरोप केला असं मला वाटत नाही. उलट, त्या जुन्या कवीनं विजेत्यांची कथा सांगता सांगता मधेच थांबून जळणाऱ्यांचे डोळे, पंख आणि पंजे मोजले होते, ही त्याची थोरवी त्यांनी ओळखली. आम्ही तो हिशेब शाळेत वगळला. एका शस्त्रसंग्रहालयाच्या प्रमुखानं तो वगळला नाही.

ही रचना मला आवडते ती या न्यायामुळे. यात कुणाला मोकळं सोडलेलं नाही. फ्रेंच लोकगीत, इंग्रजांचा कवी, आमचं महाभारत, सगळ्यांनी शस्त्र हातात घेतलंय. आणि दयेची भाषाही कुणा एकाची मक्तेदारी नाही. लॅटिन प्रार्थना आहे, अरबी हाक आहे, जपानी शोक आहे. स्तोत्रसंहितेतला भक्त माणसांपासून सुटका मागतोय आणि खांडवातली पाखरं माणसांपासूनच पळताहेत. लंडनला, बर्लिनला, लहानमोठ्या गावांत ही मिस्सा गाताना महाभारताचं नावही न ऐकलेले लोक हे शब्द म्हणतात. आमच्या कॉयरमधल्या बसचालकानं मला विचारलं, “शेवटी त्या जंगलात कोण वाचलं?” मी त्याला शार्ङ्गक पिलांची गोष्ट सांगितली. आई जरिता त्यांना उंदराच्या बिळात शिरायला सांगते. पंख न फुटलेली पिलं म्हणतात, बिळात उंदीर खाईल, त्यापेक्षा आगीत मेलेलं बरं, तू उडून जा. आणि मग ती अग्नीची स्तुती करतात, आणि अग्नी त्यांना सोडतो. बसचालकानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “म्हणजे त्यांनीही प्रार्थनाच केली.” मला हे सुचलं नव्हतं.

‘टॉर्चेस’नंतर मिस्सा हळूहळू वर येते. ‘देवाच्या कोकरा’ आहे, मग विल्सन यांनी स्वतः लिहिलेलं, युद्धातून एकट्यानं परतलेल्याचं गीत. बेनेडिक्टस या लॅटिन प्रार्थनेतला चेलो तर इतका प्रसिद्ध झाला की इथं तो लग्नांतही वाजतो आणि अंत्यविधीतही. तो सुंदर आहे, यात वाद नाही. वरच्या पट्टीतला चेलो मानवी आवाजासारखा थरथरतो आणि कॉयर शिरतो तेव्हा डोळे भरून येतात. पण मला वाटतं, लोक फक्त तोच भाग वेगळा काढून ऐकतात तेव्हा जेन्किन्स यांच्यावर अन्याय होतो. त्या गोडव्याची किंमत आधीच्या पानांत चुकती केलेली आहे. आगीतून न जाता तो ऐकला तर समीक्षकांचा आक्षेप खरा ठरतो.

शेवटच्या भागात ते सशस्त्र माणसाचं गीत परत येतं. आता त्याच्यासोबत मॅलरीनं लिहिलेल्या आर्थर राजाच्या कथांतल्या लान्सलॉट आणि ग्विनेव्हिअरचे शब्द आहेत, सततच्या युद्धापेक्षा शांतता बरी. कवी टेनिसन आहे, जुनी हजार युद्धं घंटा वाजवून घालवा म्हणणारा. आणि अगदी शेवटी वाद्यं थांबतात, फक्त आवाज, बायबलमधल्या प्रकटीकरणातलं वचन घेऊन : तो त्यांच्या डोळ्यांचे सर्व अश्रू पुसून टाकील. गाताना मला ते पटलं. घरी आल्यावर मात्र मनात आलं, की अश्रू पुसणारा देव नंतर येतो. त्याच्या आधी आग थांबवणारं कुणीतरी हवं.

ते आदिपर्वातच आहे. खांडव जळताना तिथं नसल्यानं वाचलेला तक्षक पुढे अर्जुनाच्या नातवाला, परीक्षिताला दंश करून मारतो. परीक्षिताचा मुलगा जनमेजय सूड म्हणून सर्पसत्र मांडतो, पुन्हा आग, पुन्हा दाही दिशांतून ओढले जाऊन तीत पडणारे जीव. आपलं सबंध महाभारत या यज्ञाच्या ठिकाणी सांगितलं जातं. तिथं आस्तीक नावाचा मुलगा येतो. आई नागकन्या, बाप ऋषी, म्हणजे तो दोन्ही बाजूंचा. राजा त्याला वर माग म्हणतो. सोनं, चांदी, गाई, काय हवं ते. आस्तीक म्हणतो, हे सत्र थांबव. आणि आकाशातून आगीकडे खेचला जाणारा तक्षक अधांतरी असताना तो त्याला तीनदा म्हणतो, तिष्ठ, तिष्ठ, तिष्ठ. थांब.

बाबांनी दुसऱ्या फोनमध्ये मला हे सगळं वाचून दाखवलं आणि मग आमचं त्यावर बराच वेळ बोलणं झालं. त्यांचं म्हणणं, आस्तिकाला चाल लावायची तर मुलाच्या कोवळ्या आवाजात लावावी, मागं कॉयर यज्ञाच्या मंत्रांसारखा चालू असावा आणि तो एका शब्दावर तुटावा. माझं म्हणणं, मागं वाद्यवृंदही हवा, सगळा, पितळी वाद्यांसकट, म्हणजे त्या मुलाला किती मोठ्या आवाजाला थांबवायचंय ते कळेल. मुंबईत एनसीपीएचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा आहे, परांज्योती कॉयरसारखी जुनी मंडळी आहेत, गोव्यात गावागावात चर्चचे कॉयर आहेत, पुण्यात संस्कृत जाणणारे आहेत. मराठीत किंवा संस्कृतात ही मिस्सेची जोडकथा लिहायला कुणीतरी संगीतकार पुढे यावा. पाखरांची बाजू आम्ही गायली आहे. आस्तिकाची गायला मी आल्टोत कधीही उभी राहीन, आणि बाबा म्हणतात, उच्चारांची तालीम ते घेतील.